फुगतो, पण विरघळत नाही

रामपायली हे चंदन नदीकाठचे गाव. राम-बालाजीचे जुने देऊळ, भोवती धानाच्या बांध्या, पुढे वारासिवनी आणि त्याहून पुढे वैनगंगा. १८६७ साली इंग्रजांनी भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा बनवला, तेव्हा दोन अगदी वेगळे मुलूख एका कचेरीखाली आले. खाली मराठी आणि पोवारी बोलणारा, तळ्यांचा नि धानाचा सपाट प्रदेश. वर बैहरच्या पठाराकडे चढत जाणारे गोंड-बैगांचे जंगल. वरून लाख, मोहा, हिरडा, चारोळी आणि डिंक उतरायचा. खालून मीठ आणि कापड चढायचे. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी नेली, आणि डोक्यावरच्या टोपलीतला रानचा माल थेट मुंबई-कलकत्त्याच्या गोद्यांना जोडला गेला.

या मालात एक डिंक असा होता की, ज्याला व्यापाऱ्यांनी बराच काळ नकली म्हटले आणि ज्याच्यावर पुढे डॉक्टरांनी भरवसा ठेवला. तो कुलूचा डिंक. मराठीत या झाडाला कांडोळ म्हणतात, कुठे पांढरूख म्हणतात. जगाच्या बाजारात त्याच्या डिंकाचे नाव कराया. विल्यम रॉक्सबर्गने १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींवरील ग्रंथात या झाडाचे शास्त्रीय वर्णन केले, पण सातपुड्यातल्या माणसाला त्याची ओळख त्याच्या कितीतरी आधीपासूनची. जिथे माती धरत नाही अशा खडकाळ उतारावर ते उभे राहते. हिवाळ्यात पाने गळून जातात आणि पांढुरकी, किंचित गुलाबी झाक असलेली, कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल उघडी पडते. रात्रीच्या उजेडात ते दुरून ओळखू येते, म्हणून त्याला भुताचे झाड समजणारी माणसे पुष्कळ. फळे तांबडी, पाच फाट्यांची, आणि त्यांच्यावरची लव अंगाला लागली की आग होते. तरी ही फळे काळजीने फोडून आतल्या बिया भाजून खाल्ल्या जातात.

डिंक काढायचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा, पाऊस पडायच्या आधी. पावसाळा सरल्यावर दुसरा एक हंगाम मिळतो, पण उन्हाळी डिंक सगळ्यांत घट्ट आणि चढ्या भावाचा. खोडाला कुऱ्हाडीने खाच पाडली की लगेच रस पाझरू लागतो आणि काही दिवस पाझरत राहतो. बाहेर येताना तो मऊ असतो, हवा लागली की ओघळ गोठतो, किड्याच्या आकाराचे किंवा थेंबासारखे वेडेवाकडे तुकडे होतात. ते खरवडून काढायचे, वाळवायचे, चिकटलेली साल निवडायची. चांगले भरलेले झाड हंगामात एक ते पाच किलो डिंक देते. ही सगळी मेहनत डोंगरउतारावर, एप्रिल-मेच्या उन्हात.

मराठी घराला डिंक ठाऊक आहे तो धावड्याचा किंवा बाभळीचा. तुपात तळला की फुलणारा, बाळंतिणीच्या लाडवात पडणारा. कुलूचा डिंक त्या कामाचा नाही. दोघांतला फरक पाहायला दोन पेले पाणी पुरते. एका पेल्यात धावड्याच्या डिंकाचा खडा टाका, दुसऱ्यात कुलूचा, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी धावड्याचा खडा बहुतेक पाण्यात मिसळून गेलेला असतो. पाणी पिवळसर, चिकट झालेले. कुलूचा खडा मात्र जागचा हललेला नसतो, फक्त फुगून पेल्याचा मोठा भाग व्यापून बसलेला असतो. बोटाने दाबला तर दाणेदार, थरथरता गोळा हाताला लागतो. नाकाजवळ नेला तर शिरक्यासारखा आंबूस वास येतो. कोरड्या डिंकाच्या कित्येक पट, अनुकूल स्थितीत साठ ते शंभर पट आकारमानापर्यंत तो पाणी धरून ठेवू शकतो.

हे असे का होते ते रसायनशास्त्राने विसाव्या शतकात उलगडले. कराया म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब, फांद्या फुटलेली साखळी: ऱ्हॅम्नोज, गॅलॅक्टोज, आणि त्यांच्या जोडीला गॅलॅक्ट्युरॉनिक व ग्लुक्युरॉनिक ही साखरेपासून बनलेली आम्ले. या साखळीवर जागोजागी ॲसिटिल गट चिकटलेले असतात, वजनाने सुमारे ८ टक्के. हे गट साखळ्यांना पाण्यात मोकळे सुटू देत नाहीत. पाणी आत शिरते, साखळ्या एकमेकींपासून लांब सरकतात, पण सुटत नाहीत. शिरक्याचा वास येतो तोही याच गटांमुळे. साठवणीत ते हळूहळू तुटतात आणि ॲसेटिक आम्ल बाहेर पडते. डिंकावर अल्कलीची प्रक्रिया केली की हे गट निघून जातात, आणि मग तोच डिंक चिकट, तारा सुटणारा होऊन पाण्यात मिसळतो. म्हणजे या डिंकाचा सगळा स्वभाव त्या ८ टक्क्यांत आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्याला हे ठाऊक असायचे कारण नव्हते. त्याला हवा होता ट्रॅगाकँथ, म्हणजे इराणच्या डोंगराळ मुलखातून येणारा, काटेरी झुडपाचा महाग डिंक. युनानी वैद्यांचा कतीरा तो हाच. औषधे घोटायला, वड्या बांधायला, कापडाच्या छपाईला युरोपात त्याला मोठी मागणी होती. कुलूचा डिंक दिसायला आणि फुगायला त्याच्या जवळचा, आणि किमतीने फार कमी. साहजिकच तो ट्रॅगाकँथमध्ये मिसळला जाऊ लागला, आणि त्याची पहिली व्यापारी ओळख भेसळीचा माल अशीच झाली. मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणारे विल्यम डायमॉक, तसेच वॉर्डन आणि हूपर यांनी १८८९ ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ सिद्ध केला. देशी वनस्पतींचा औषधी आणि बाजारी हिशेब मांडण्याच्या त्या काळातल्या मोठ्या प्रयत्नांपैकी हा एक. रानातला माल आता नाव, गाव आणि गुणांसह कागदावर येऊ लागला होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करायाने स्वतःच्या नावावर बाजार मिळवला. बायकांच्या केसांना वळणे बसवणारी द्रावणे, आइस्क्रीम, कागद, कापड यांत तो गेला. दोन उपयोग औषधाच्या वाटेवरचे होते. पहिला, पोट साफ करणारे दाणे: करायाचे कण आतड्यात पचत नाहीत, पाणी धरून फुगतात आणि मळाला आकार देतात. नॉर्माकॉल या नावाने असे दाणे युरोपात आजही मिळतात. दुसरा, दातांची कवळी टाळूला धरून ठेवणारी भुकटी: तोंडातल्या ओलाव्याने ती चिकट लगदा होते आणि कवळी हलू देत नाही. गोंदिया-बालाघाटच्या गाडीतून निघालेला माल मुंबईच्या गोदीत प्रतवारीने लागे. हाताने निवडलेला सर्वांत वरचा, मग उत्तम क्रमांक एक, दोन, तीन, आणि तळाला चाळण. साल आणि कचरा जितका कमी, तितका भाव जास्त.

या सगळ्या व्यापारी हालचालीपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते १९५२ हे वर्ष. त्या वर्षी अमेरिकेत, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन ठिकाणी, औषध आणि शरीर यांच्यातल्या वेळेचा विचार बदलला. फिलाडेल्फियात स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीने स्पॅन्स्यूल नावाची कॅप्सूल बाजारात आणली. तिच्या आत शेकडो बारीक मणी, प्रत्येकावर मेणासारख्या पदार्थाचा कमीजास्त जाडीचा थर. पातळ थराचे मणी आधी विरघळत, जाड थराचे मागाहून, आणि एका कॅप्सूलचे औषध दहा-बारा तास शरीरात झिरपत राही. औषध किती द्यायचे याच्याइतकेच ते किती वेळात द्यायचे, हा प्रश्न उद्योगाने प्रथमच मोठ्या प्रमाणावर हाती घेतला.

दुसरी घटना ओहायोतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमधली, आणि ती सातपुड्याशी थेट जोडलेली. रूपर्ट टर्नबुल हे तिथले आतड्यांचे शल्यविशारद. मोठे आतडे आजाराने निकामी झाले की ते काढून टाकून लहान आतड्याचे तोंड पोटाच्या भिंतीवर आणावे लागते. शस्त्रक्रियेने जीव वाचतो, पण त्या तोंडातून सतत येणाऱ्या पातळ मळात पचनाचे रस असतात, आणि हे रस आजूबाजूची कातडी खाऊ लागतात. त्या काळच्या रबरी पिशव्या ओल्या, सोललेल्या कातडीवर बसत नसत. बसवायला लावलेले चिकट पदार्थ निघताना उरलेली कातडीही घेऊन निघत. माणूस बरा होऊन घरी जाई आणि चार भिंतींत कोंडून घेई. वास, गळती आणि वेदना त्याला बाहेर पडू देत नसत. कवळी चिकटवायची करायाची भुकटी ओलावा शोषून घेते आणि ओल्या पृष्ठभागावरच धरते, हे टर्नबुल यांच्या ध्यानात आले आणि ती त्यांनी या कातडीवर वापरून पाहिली. भुकटीने स्राव शोषला, त्याचा जेल झाला, त्या जेलखाली कातडी झाकली गेली आणि भरून येऊ लागली. पुढे ग्लिसरीन घालून करायाची लवचीक कडी बनवली गेली. आतड्याच्या तोंडाभोवती ती बसवायची आणि तिच्यावर पिशवी.

नॉर्मा गिल ही ओहायोतल्याच ॲक्रन गावची बाई. मोठ्या आतड्याच्या दीर्घ आजाराने ती खंगली होती. १९५४ साली टर्नबुल यांनी तिच्यावर ही शस्त्रक्रिया केली. बरी झाल्यावर ती आपल्यासारख्या इतर रुग्णांना भेटू लागली, पिशवी कशी बसवायची, कातडी कशी जपायची ते स्वतःच्या अनुभवातून सांगू लागली. १९५८ साली टर्नबुल यांनी तिला क्लिनिकमध्ये कामाला घेतले. तिच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. १९६१ साली तिथे या कामाचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली आणि आज जगभरातल्या रुग्णालयांत असलेल्या ऑस्टोमी परिचारिकांचा पेशा या दोघांपासून मोजला जातो. १९७८ साली नॉर्मा गिलने या परिचारिकांची जागतिक परिषद उभी केली. हा पेशा ज्या पदार्थाच्या आधाराने उभा राहिला, तो मध्य भारताच्या उतारांवर कुऱ्हाडीच्या खाचेतून निघत होता, आणि या दोन टोकांच्या माणसांना एकमेकांची वार्ताही नव्हती. या गोष्टीने मी दरवेळी हलून जातो.

करायाचे दोषही लवकरच पुढे आले. तो आम्लधर्मी, त्यामुळे सोललेल्या कातडीवर सुरुवातीला चरचरतो. उष्णतेने मऊ पडतो. लघवीच्या सततच्या संपर्कात टिकत नाही. १९७० च्या दशकात पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजपासून केलेला पदार्थ एकत्र करून बनवलेल्या पट्ट्या आल्या आणि त्यांनी करायाला बरेचसे बाजूला सारले. तरी करायाच्या कड्या बाजारातून गेल्या नाहीत.

तोवर जेलचा दुसरा उपयोग पुढे आला होता. ओलावा धरून कातडीशी चिकटून बसणारा पदार्थ जर कातडीचे रक्षण करू शकतो, तर तोच आपल्या पोटात औषध धरून ते कातडीत हळूहळू सोडूही शकेल. १९७९ च्या अखेरीस अमेरिकेत प्रवासातली मळमळ थांबवणाऱ्या स्कोपोलामाइनच्या पट्टीला परवानगी मिळाली. कातडीतून रक्तात औषध पोचवणारी ही पहिली पट्टी. तिच्यात थर कृत्रिम पॉलिमरचे होते. पण साध्या चामखिळीच्या उपचारात करायाने आपली जागा मिळवली. १९९० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या चामखिळीच्या औषधांचे नियम पक्के केले. त्यांत सॅलिसिलिक आम्लाच्या मान्य प्रकारांमध्ये एक प्रकार नाव घेऊन लिहिला आहे: कराया डिंक आणि ग्लायकॉलच्या पट्टीत १५ टक्के सॅलिसिलिक आम्ल. झोपताना लावायची, किमान ८ तास ठेवायची, सकाळी काढून टाकायची, दर २४ तासांनी नवी, जास्तीत जास्त १२ आठवडे. पट्टीतला डिंक ओलसर राहून आम्लाला चामखिळीच्या जाड कातडीत शिरायला रात्रभराची मुभा देतो. जुन्या बाजारात ज्याला भेसळीचा माल म्हणत, त्याचे नाव इथे सरकारी नियमात औषधाचा आधार म्हणून आले.

पोटात घ्यायच्या गोळीत हेच तत्त्व वेगळ्या रीतीने चालते. औषध आणि करायाची भुकटी एकत्र दाबून गोळी केली की पाण्यात तिच्या बाहेरच्या थराचा जेल होतो. आतले औषध या जेलमधून वाट काढत बाहेर येते, आणि बाहेरून जेलही थोडाथोडा झिजत जातो. २००० साली मंडे आणि कॉक्स या संशोधकांनी झँथन आणि कराया या दोन डिंकांच्या गोळ्या शेजारी ठेवून तपासल्या. झँथन जास्त फुगला आणि कमी झिजला. कराया कमी फुगला आणि जास्त झिजला. पण या झिजण्यामुळेच औषध जवळजवळ एकसारख्या वेगाने सुटत राहिले. दर तासाला सारखेच औषध मिळणे ही या शास्त्रातली सर्वांत हवीशी गोष्ट. २००२ साली विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठात उलटा प्रयोग झाला: डिंक तापवून त्याचा घट्टपणा कमी केला आणि निमोडिपिन हे पाण्यात जेमतेम विरघळणारे औषध त्याच्या साहाय्याने लवकर विरघळवले. आणि आपल्या नागपुरात, विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात, ए. के. डोरले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राळ या दुसऱ्या नैसर्गिक पदार्थावर चिकाटीने काम केले. राळेच्या पापुद्र्यात औषध कोंडून ते हळू सोडता येते का, आणि शरीरात ती राळ पुढे कशी विघटित होते, याचे त्यांचे निष्कर्ष २००३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. कुलूच्या जंगलापासून एका रात्रीच्या प्रवासावर हे काम चालले होते.

असे असूनही मोठ्या कंपन्यांच्या गोळ्यांत नैसर्गिक डिंकांपेक्षा हायप्रोमेलोजसारखे, कारखान्यात सुधारून घेतलेले सेल्युलोज जास्त दिसते. कारण सरळ आहे. कारखान्याचे प्रत्येक पोते सारखे असते, रानाचे नसते. उन्हाळ्यात काढलेला डिंक घट्ट, पावसाळ्यानंतरचा सैल. साल मिसळली तर रंग बदलतो आणि जंतू वाढतात. भुकटी करून ठेवली तर तिची फुगण्याची ताकद अख्ख्या खड्यांपेक्षा लवकर उतरते. गोळीचे औषध आठ तासांत सुटणार की पाच तासांत, हे ठरायला सुरुवात होते ती झाडावर खाच कशी पडली, कोणत्या महिन्यात पडली आणि डिंक कशावर वाळवला इथपासून. डिंक काढणाऱ्या माणसाला मी म्हणूनच या औषधाचा पहिला कारागीर मानतो. पण व्यवहारात त्याला तसा मान दीर्घकाळ मिळाला नाही. त्याला वजनावर, आणि तेही पडेल भावात पैसे मिळत. अशा हिशेबात जास्त डिंकासाठी खोल घाव घालण्याखेरीज दुसरा शहाणपणा उरत नाही.

घाव खोल गेले आणि झाडे मेली. कुलूला बुंध्याभोवती मोठी खाच पडली की बुरशी आणि किडे शिरतात, खोड पोकळ होते, वारा आला की मोडते. जुन्या जाणकारांच्या मते एका झाडाच्या आयुष्यात त्याला मोजक्याच वेळा, जेमतेम पाचेक हंगाम चिरावे. प्रत्यक्षात दर हंगामाला घाव पडू लागले. उतारावरची झाडे विरळ झाल्यावर मध्य प्रदेशासह ठिकठिकाणी डिंक काढण्यावर निर्बंध आले. निर्बंधांनी झाडे काही अंशी वाचली, पण ज्यांच्या घरात उन्हाळ्याचे चार पैसे याच डिंकातून येत, त्यांच्यासाठी पर्याय कोणी उभा केला नाही. हे मला झाडांच्या नाशाइतकेच गंभीर वाटते.

आंध्रात मात्र पर्याय शोधला गेला. तिथल्या गिरिजन सहकारी महामंडळाने, जे १९५६ पासून आदिवासींकडून वनोपज खरेदी करते, कोवेल फाउंडेशनच्या साथीने डिंक काढणाऱ्यांना नवी रीत शिकवली: कुऱ्हाडीऐवजी धारदार छोटे हत्यार, वरवरची आखूड खाच, दोन खाचांत अंतर, खाच भरून यायला वेळ, आणि डिंक मातीवर न पाडता स्वच्छ जागी वाळवणे. झाड जगले, आणि निवडक माल जास्त निघाल्याने काढणाऱ्याला भाव चांगला मिळाला. झाडाला सूक्ष्म मात्रेत इथेफॉन हे रसायन टोचून डिंक वाढवण्याचे प्रयोग धावडा आणि कुलू या दोघांवर झाले. त्यात मात्रा चुकली तर नुकसान झाडाचेच. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेसाठी सुरू झालेल्या संस्थेने २००७ साली आपल्या नावात राळ आणि डिंक यांना जागा दिली, आणि करायासारख्या मालाला सरकारी संशोधनात घर मिळाले.

२०१३ साली केंद्र सरकारने वनोपजासाठी हमीभावाची योजना आणली तेव्हा पहिल्या यादीतल्या मोजक्या मालांत मोहाच्या बिया, लाख, हिरडा आणि चारोळी यांच्याबरोबर कराया डिंकही होता. मे २०२० मध्ये त्याचा हमीभाव किलोला ९८ रुपयांवरून ११४ रुपये झाला.